अंगातली कसर

"अंगात कसर हाय बाबा आज बी," भाकरी थापता थापता गोदाक्का भिंतीवरच्या कानाला म्हणाल्या.

कान म्हणजे आरोग्यश्रावक, घरातलं बोलणं ऐकून आजाराची लक्षणं टिपणारं यंत्र. कृष्णाकाठच्या भवानवाडीत आता दवाखाना त्याच्याच तालावर चाले. कानाने तांबडा दिवा लावला तरच रक्त तपासायचं, नाहीतर दारातूनच परत.

"कसर भरून काढा. मन लावून काम करा," कान गोड आवाजात म्हणाला.

पुण्याहून आलेल्या लेकीचा, वैजयंताचा, घास हातातच राहिला. "आई, हे कधीपासून?"

"दिवाळीपासनं. रातच्याला चोळी घामानं भिजतीया. वाळले बी किती, बघ की. दोन घासांत पोट भरतंय आन् डाव्या बरगडीखाली टणक लागतंय."

"पोट भरलं, छान! वजनही घटलं, अभिनंदन!" कान मध्येच बोलला.

वैजयंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईला घेऊन तिने थेट दवाखाना गाठला.

"तांबडा दिवा नाही," डॉक्टर फडतरे म्हणाले. "मी सुई टोचली तर ठपका माझ्यावर येईल."

"येऊ दे! आई रोज कानाला कसर सांगते. कसर म्हणजे बारीक ताप, डॉक्टर. तुमच्या घरात कुणी हा शब्द कधी काढलाच नाही?"

फडतरे खुर्चीतून उठले. मग त्यांनी गोदाक्कांच्या डाव्या बरगडीखाली हात ठेवला. पानथरी, म्हणजे प्लीहा, चांगलीच वाढली होती. रक्त काढलं तर पांढऱ्या पेशी लाखांच्या घरात.

"रक्ताचा कर्करोग आहे, सावकाश वाढणारा," अहवाल आल्यावर ते म्हणाले. "थकवा, बारीक ताप, घाम. माणूस अंगावर काढतो. वेळेत कळलं असतं तर गोळीनं सहज आटोक्यात राहिला असता. आता पुढे सरकलाय. गोळी सुरू करू, पण खात्री देत नाही."

"कळलं असतं काय म्हणता? ती रोज सांगत होती!" वैजयंता ओरडली.

आठवड्याने कान आपणहून बोलला, "क्षमस्व. कसर हा शब्द आम्ही शिकलो आहोत."

"आता शिकला व्हय, मुडदा बशिवला तुझा!" गोदाक्का कडाडल्या.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या तानूकाकींचा दमलेला आवाज आला, "जीव घाबरा होतोय रं..."

"घाबरू नका. गाणं लावू का?" त्यांच्या घरातला कान म्हणाला.

वैजयंता अनवाणीच धावत सुटली. मागून गोदाक्कांचा आवाज आला.

"एक शब्द शिकाया ह्याला माझी पानथरी लागली. ह्यो शिकाया कुणाचा जीव लागायचा?"