वळणावरच्या नऊ चाव्या

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावास्या लागते, रात्रीचे बारा लागतात. माझ्याकडे यातलं काहीच नाही.

माझ्याकडे सकाळचे सहा आहेत. गवळी दूध घालून गेला होता आणि मी अंगणात दात घासत उभा होतो.

तारीख १२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. जागा परभणी जिल्हा, पिंगळीच्या बाजूला, एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमागची वस्ती. वस्तीचं नाव मुद्दाम देत नाही, यातली माणसं अजून जिवंत आहेत. शपथ वगैरे मी घेणार नाही. ही गोष्ट रचलेली असती तर तिच्यात मी स्वतःला जरा बरा दाखवला असता, एवढंच सांगतो.

मी शिवकांत. परभणीत माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे.

माझे वडील चन्नबसप्पा. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. जिनिंग कंपनीची स्वतःची छोटी रेल्वेलाईन होती, तिच्यावर ते चावीवाले होते. रूळ स्लीपरला पकडून ठेवणारी जी लोखंडी पाचर असते, तिला चावी म्हणतात. गाड्यांच्या हादऱ्याने ती सैल होते. रोज सकाळी लाईन पायी चालायची आणि एकेक चावी हातोड्याने ठोकत जायची, हे त्यांचं काम.

आप्पांची एक सवय होती. दोन ठोके जोरात, तिसरा अगदी हलका. 'झालं' म्हणाल्यासारखा.

टण्... टण्... टिक.

हे ऐकत मी लहानाचा मोठा झालो.

३ डिसेंबर १९८८ ला वळणावर कापसाच्या गाठींनी भरलेला डबा उलटला. बन्सीधर नावाचा हमाल त्याखाली सापडला आणि जागीच गेला. कंपनीने आठ दिवसांत चौकशी उरकली. चावीवाला त्या दिवशी लाईनवर गेलाच नाही, चाव्या सैल होत्या, असं कागदावर आलं. आप्पांना कामावरून काढलं. लाईनही कायमची बंद झाली, कापूस ट्रकने जायला लागला.

आप्पा पुढे आठ वर्षं जगले. रोज एकच बोलायचे.

"मी ठोकल्या होत्या रे, सांगितलंही होतं."

ते खरं मानायला फक्त माझी आई होती, भागम्मा. बन्सीधरची बायको तानुबाई आमच्याच वस्तीत राहते. छत्तीस वर्षांत ती आईशी एक शब्द बोललेली नाही. नळावर आई दिसली की ती रिकामी घागर घेऊन परत फिरते.

दोन वर्षांपूर्वी काही हौशी लोकांनी मंडळ काढलं. जुनी लाईन पुन्हा उभी करायची, तिच्यावर ट्रॉली चालवायची, शाळांच्या सहली आणायच्या. दर रविवारी शहरातून मंडळी यायची, बाभळी तोडायची, गिट्टी चाळायची, फोटो काढायची.

मंडळाचे अध्यक्ष दिनकरराव. वय शहात्तर, पांढरीशुभ्र टोपी. हे त्या काळी कंपनीचे लाईन इन्स्पेक्टर होते. आप्पांविरुद्धचा तो रिपोर्ट यांनीच लिहिलेला.

मग मी त्या मंडळात कशाला गेलो? आईने पाठवलं म्हणून.

"तिथं बोर्ड लागनार हाय म्हनतेत," ती म्हणाली. "त्याच्यावर लिव म्हनावं, चूक त्यांची नव्हती. मी मरायच्या आत लिव म्हनावं. तानुबाईला कुनीतरी वाचून दाखवू दे."

दिवाळीपर्यंत पहिला एक किलोमीटर तयार झाला. मग लाईन पुढे वळणापर्यंत वाढवायचं ठरलं. वळणावरचे रूळ अठ्ठ्याऐंशीपासून तसेच बाभळीत पडून होते. आम्ही ते साफ केले, नवीन चाव्या मारल्या आणि घरी आलो.

तो रविवार होता. दोनच दिवसांनी ती मंगळवारची सकाळ उजाडली.

मी अंगणात उभा होतो... आणि लाईनकडून आवाज आला.

टण्... टण्... टिक.

मला वाटलं, मंडळाचं कुणीतरी लवकर आलंय. पण मंगळवारी कोण येतं?

आवाज पुढे सरकत होता. माणूस चालतो त्याच गतीने. जिनिंगच्या फाटकाकडून वळणाकडे.

आई आत लिंगपूजा करत बसली होती. तिचा हात थांबला.

"आज उशीर झाला त्यान्ला," ती म्हणाली.

मी तसाच अनवाणी पळत लाईनवर गेलो. धुकं नव्हतं, सगळं स्वच्छ दिसत होतं.

कुणीच नव्हतं.

मी वाकून एका चावीला हात लावला. घट्ट होती. डोक्यावर हातोड्याचा ताजा चकचकीत मार होता. पुढची तशीच. त्यापुढचीही.

वळणावर पोचलो... आणि पाय जागीच थांबले.

तिथल्या नऊ चाव्या निघालेल्या होत्या. चोरीला गेल्या नव्हत्या. रुळाशेजारी एका ओळीत मांडून ठेवल्या होत्या, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला.

आप्पा अशाच मांडायचे.

मी कुणाला काही बोललो नाही. दुकानातून हातोडा आणून चाव्या परत मारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच आवाज... पुन्हा त्याच नऊ चाव्या, त्याच ओळीत. तिसऱ्या दिवशीही तेच.

शुक्रवारी मी सिद्धोधनला बोलावलं. तो आयटीआयमध्ये फिटर शिकवतो, मंडळात खरं काम करणारा माणूस तोच. त्याने चाव्या पाहिल्या, जागा पाहिली. नऊ चाव्यांच्या बरोबर मध्ये दोन रुळांचा जोड होता.

"हा जोड उघडून बघू," तो म्हणाला. "उगं कुनी एवढं दाखवत न्हाई."

जोडावरच्या लोखंडी पट्ट्या गंजून बसल्या होत्या. बोल्ट तोडायला दोन तास गेले. पट्टी निघाली. आत छत्तीस वर्षांपूर्वीचं काळं ग्रीस होतं. सिद्धोधनने फडक्याने पुसलं.

रुळाला तडा होता. बोल्टच्या भोकापासून थेट वरपर्यंत.

आणि तड्याच्या शेजारी छिन्नीने आकडे कोरलेले होते...

१२.११.८८

खाली एक अक्षर. 'च'.

थंडीत जोड उघडून ग्रीस लावतात. त्या वेळी आप्पांना तडा दिसला होता. डबा उलटायच्या एकवीस दिवस आधी. आणि पहिला ठोका मला ऐकू आला ती तारीखसुद्धा बारा नोव्हेंबरच होती.

मी मोबाईलवर फोटो काढला.

"तुमच्या आप्पाची निशानी हाय ही," सिद्धोधन म्हणाला. "आता तुमी म्हनाल तसं करू."

त्याच संध्याकाळी दिनकरराव आले. खूण बघून ते रुळावर बसले. टोपी काढली, पुन्हा घातली.

"चन्नबसप्पा आला होता सांगायला," ते शेवटी म्हणाले. "सीझन जोरात होता. मी लाईन बंद ठेवली असती तर मालकाने मला घरी बसवलं असतं."

एवढंच. छत्तीस वर्षांचा हिशोब तीन वाक्यांत.

मग ते माझ्याकडे वळले. "शिवकांतराव, सव्वीस जानेवारीला उद्घाटन आहे. पाहुणे ठरलेत. हे बाहेर आलं तर मंडळ मोडेल, लाईन पुन्हा बाभळीत जाईल. आपण हा रूळ बदलून टाकू. आणि बोर्डावर कामगारांत पहिलं नाव तुमच्या वडिलांचं. शब्द देतो."

मला कुणी धमकावलं नाही. कुणी हात पिरगाळला नाही. मला एवढंच वाटलं की नाव तर लागतंय. आईला तेवढं पुरे. म्हातारं माणूस, कशाला आता जुनं उकरायचं... असं मी स्वतःला पढवलं. खरं सांगू का? दिनकररावांनी मला पहिल्यांदाच 'राव' म्हटलं होतं, आणि ते मला आवडलं होतं.

रविवारी रूळ बदलला. जुना तुकडा भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवला. त्याचं एक टोक मी धरलं होतं.

"तो फोटोही आता कशाला ठेवता?" दिनकरराव म्हणाले.

मी माझ्या बोटाने पुसला.

सिद्धोधन बाजूला उभा होता. त्याने पाने-हातोडे पिशवीत भरले आणि निघून गेला. नंतर तो मंडळात आला नाही. मी फोन केले, त्याने उचलले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून सकाळचा आवाज बंद झाला. मी मनात म्हटलं, सुटले आप्पा.

सव्वीस जानेवारीला मांडव पडला, सनई लावली, हार आले. ट्रॉली फुलांनी सजवली होती. बोर्डावरचा पडदा निघाला. वर दिनकररावांचं नाव मोठ्या अक्षरात, 'संकल्पना' म्हणून. खाली 'लाईनचे जुने कामगार', त्यात पहिलं: चन्नबसप्पा, चावीवाले.

तेवढंच. चुकीबद्दल एक अक्षर नाही. मी तरी लिहा म्हणालो होतो का?

आई घरीच होती, तिला गुडघ्यांमुळे चालवत नाही. पण तानुबाई आली होती. गर्दी पांगल्यावर ती बोर्डासमोर आली आणि मंडळातल्या एका बाईंना म्हणाली, "वाचा की जरा."

बाईंनी वाचलं.

तानुबाई ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "माह्या मालकाचं नाव कुठाय?"

बाईंनी यादी पुन्हा वरून खाली पाहिली.

"मेला त्याचं न्हाई... ज्यानं मारला त्याचं पयलं लिवलंय व्हय?"

मी चार हातांवर उभा होतो. तोंड उघडायचा अवकाश होता. तानुबाई, आप्पांनी सांगितलं होतं, आप्पांची चूक नव्हती, एवढंच बोलायचं होतं. पण पलीकडे दिनकरराव शाल घेऊन उभे होते, मला बोलावत होते. माझाही सत्कार होता.

मी शाल घेतली.

घरी आल्यावर आईने विचारलं, "लिवलं का रे, चूक त्यांची नव्हती म्हनून?"

"लिहिलं," मी म्हणालो.

"तानुबाईला वाचून दाखवलं?"

"दाखवलं."

आईने हात जोडले. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मी अंगणात आलो...

टण्... टण्...

मी वाट पाहत राहिलो. तिसरा ठोका आला नाही.

पुन्हा टण्... टण्... पुन्हा तिसरा नाही.

आवाज आता पुढे सरकत नव्हता. वळणावरच, एकाच जागी. जिथून आम्ही तो तुकडा काढला होता तिथे. मी धावत गेलो. लाईन रिकामी होती. नवीन रूळ मोबाईलच्या उजेडात चकचकत होता आणि चाव्या सगळ्या घट्ट होत्या. मी तिथे उभा असतानाही आवाज येत होता... माझ्या पायाखालून.

तेव्हापासून एकही सकाळ चुकलेली नाही. मंडळातल्या कुणाला ऐकू येत नाही. मी भंगारवाल्याकडे चौकशी केली, माल कधीच जालन्याच्या भट्टीत गेला म्हणाला. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे गेलो, फोटो परत येणार नाही म्हणाला. दिनकरराव आता माझा फोन घेत नाहीत.

म्हणून हे इथे लिहितोय. दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही. आप्पांनी तडा दाखवला होता, बारा नोव्हेंबर अठ्ठ्याऐंशीला. तुम्ही विश्वास ठेवाल की नाही माहीत नाही. पुरावा मागू नका, तो मीच टेम्पोत चढवला.

आज सकाळी आई पूजेला बसली होती. ठोके सुरू झाले तशी तिने मान वर केली. बराच वेळ ऐकत राहिली. मग माझ्याकडे बघून तिने साध्या आवाजात विचारलं,

"बोर्डावर लिवलंय म्हनलास ना तू? मग ते अजून का ठोकायलेत?"