लालरेषेवरचा पाहुणा

पठारावर गुडघाभर धुकं होतं, त्यामुळे गाडीला चाकं आहेत ही केवळ ऐकीव माहिती होती. लाल स्पोर्ट्स कार चाचणीपथावरून तरंगत गेली. तिचं इंजिन एकाच वरच्या सुरात गात होतं. फारच वेळ एकाच सुरात.

नियंत्रण कक्षातून डॉ. हेमांगी फाटक माइकमध्ये म्हणाली, "सिरिलकाका, गिअर टाका ना!"

"माझ्या मनाने कधीच टाकलाय गो," चाचणीचालक सिरिल तुस्कानोंचा वसईकडचा आवाज आला. "गाडी टाकत नाय. लालरेषेवर बसून राहिलीय. इथनं समुद्र दिसत असल्यासारखी."

हेमांगीने कपाळाला हात लावला. लालरेषा म्हणजे इंजिनाच्या वेगाची कमाल हद्द; तिथे क्षणभरच टेकायचं असतं. हा 'इरादावेधी' गिअरबॉक्स तिचा होता. आज तो चालला नाही, तर कंपनीच्या दारातल्या, फसलेल्या शोधांच्या काचेच्या कपाटात जाणार होता. तिथे आधीपासून एक स्वयंचलित हॉर्न होता. आणि सिरिलकाकांची ही शेवटची फेरी होती. उद्यापासून ते निवृत्त. शाल-श्रीफळ त्यांनी साफ नाकारलं होतं. "निरोप आपल्याला जमत नाय," एवढंच म्हणाले होते.

"तत्त्व तर बरोबर आहे," शेजारी बसलेला विदातज्ज्ञ इंद्रनील वर्तक म्हणाला. विदा, म्हणजे डेटा, गोळा करून यंत्राला शिकवणं हे त्याचं काम.

"तत्त्व मलाच सांगतोस?" हेमांगी म्हणाली. "दोन क्लच. एकाने चालू गिअर धरलेला, दुसऱ्यावर पुढचा तयार. लालरेषेजवळ साधी गिअरपेटी आपल्या मनाने गिअर बदलते, मग चालक ऐन वळणात शिव्या घालतो. त्याच्या हातावर सोपवलं तर तो विसरतो आणि इंजिन वाचवायला मर्यादक इंधन तोडतो. म्हणून सीट आणि स्टिअरिंगमधल्या सेन्सरनी त्याचा इरादाच वाचायचा. मनात आलं की पहिल्या क्लचने सोडायचं. मग सोडत का नाही?"

"विदा कमी पडली होती," वर्तक शांतपणे म्हणाला. "लालरेषेवर गाडी क्षणभरच असते. तेवढ्यात यंत्र काय शिकणार? म्हणून 'आता निघायचं' हा इरादा मी दुसरीकडून जमवला. स्टाफच्या घरच्या सोफ्यांतून."

"कशातून?"

"सोफ्यांतून. आत तसेच सेन्सर बसवले. पाहुणे उठायच्या आधी पाठ, मांडी, मनगट अगदी गिअर टाकताना आवळतात तसंच आवळतात. शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष आहे."

"आणि 'चला, येतो' म्हटल्यावर ते खरोखर गेले कधी?"

वर्तकने आलेख उघडला. बराच वेळ आलेख उजवीकडे सरकत राहिला. "दारात थोडा वेळ जातो," तो म्हणाला. "एका घरी कुंकू लावून झाल्यावर पुन्हा पोहे झाले."

धुक्यातून इंजिनाचा सूर येत होता. हेमांगीला आता तो नीट कळला. गाडी पायात चपला घालून उंबऱ्यात उभी होती. पुढचा गिअर तयार, मागचा सुटत नव्हता.

"मग शेवटी जातात कशाने?"

"नमुना एकच ठळक आहे. उंबऱ्यातल्या गप्पा रंगतात आणि आणखी बसावं असं मनापासून वाटायला लागतं. तसं वाटलं रे वाटलं, की पाहुण्याला स्वतःचीच लाज वाटते. 'अगंबाई, किती वेळ झाला!' म्हणून तो ताडकन निघतो."

हेमांगीने माइक ओढला. "काका, गिअर बदलायचा विचार सोडा. आहे तिथेच राहावंसं वाटू द्या."

"खोटं खोटं?"

"खोटं चालणार नाही. सीट शरीर वाचते."

पलीकडून काका सीटमध्ये नीट टेकून बसल्याचा आवाज आला.

"मग सोप्पं हाय," सिरिलकाका म्हणाले.

तिसरा पडला. चौथा, पाचवा. प्रत्येक लालरेषेवर म्हाताऱ्याला वाटायचं, इथेच थांबावं, आणि त्याच क्षणी गिअर पाणी ओलांडल्यासारखा पुढे जायचा. पडद्यावरची रेघ इतकी सुबक उमटली, की वर्तकने तिचा फोटो काढला. कपाटातला हॉर्न एकटाच राहणार होता.

फेरी संपली. गाडी कक्षासमोर येऊन थांबली, पण दार उघडेना.

"न्यूट्रल पडत नाय गो," काका काच खाली करून म्हणाले. गिअर काढल्याशिवाय दार उघडायचं नाही, हा सुरक्षेचा नियम हेमांगीनेच घातला होता.

"तुम्ही उतरायला आतुर झालात," ती खिडकीशी येत म्हणाली. "तिला वाटलं, तुम्ही 'येतो' म्हणालात."

"मग?"

"मग काही नाही. उभे राहू."

ती गाडीला टेकून उभी राहिली. धुकं तिच्याही गुडघ्यापर्यंत आलं. काका म्हणाले, पहिली चाचणी झाली तेव्हा तू हेल्मेट उलटं घातलं होतंस. ती म्हणाली, तुम्ही दिवसभर सांगितलं नाहीत. ते म्हणाले, तुला शोभत होतं. मग त्यांनी एक वळण आठवलं, मग त्या वळणावर भर वेगात भेटलेली म्हैस. म्हशीने रस्ता दिला नव्हता, काकांनीच दिला होता. वर्तक आतून चहा घेऊन आला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"खरं सांगू," चहाचा कप खिडकीतून घेत काका हळूच म्हणाले, "आता उतरावंसंच वाटत नाय."

टक् असा आवाज झाला. न्यूट्रल पडला, आणि दार आपोआप उघडलं.