दर्भाचा कावळा

कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती उलटी करायची, ही माझी खोड. पिरंगुटला माझं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. बरण्या, चिनी मातीच्या बशा, पितळी डबे, कोणाच्या तरी आजोळचे झोपाळे. शाळा अर्धवट सुटली. जे शिकलो ते वस्तूंच्या बुडाकडे बघून. एकदा एक गृहस्थ पेशवेकालीन किटली घेऊन आले. घराण्याचा इतिहास त्यांनी तासभर सांगितला. मी किटली उलटी केली, तर तळाला मायक्रोवेव्हचं चित्र. चहा पाजून पाठवलं त्यांना. माणूस तोंडाने काय वाटेल ते सांगतो, भांड्याचं बूड सहसा खोटं बोलत नाही.

तर त्या मार्गशीर्षात मी भुकूमच्या एका नव्या सोसायटीत बरण्या पोचवायला गेलो होतो. काम उरकलं आणि किशोररावांचा फोन आला.

"नरहरीशेठ, तसेच पुढे मुठ्याला या. जेवायलाच या. उद्या मुंबईची पार्टी येतेय, आणि त्यांना फक्त तुमचा शब्द हवाय."

मी टेम्पो वळवला. रस्ताभर त्या घराचाच विचार डोक्यात होता.

किशोररावांचा बंगला मुठा गावाच्या पुढे, नदीच्या अंगाला. त्यांची बायको मृण्मयी मातीकाम करायची, मागच्या शेडमध्ये तिची भट्टी होती. कुठल्याशा परदेशी संग्रहालयात तिने बायझंटाईन वाडगे पाहिले आणि त्यांच्या नादी लागली. बायझंटाईन म्हणजे, आज जिथे इस्तंबूल आहे तिथे तुर्कांच्या आधी ज्या ख्रिस्ती बादशहांचं राज्य होतं, त्यांच्या काळातले. वाडगा लाल मातीचा. त्यावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप. लेप पुरता सुकायच्या आत तो टोकदार काडीने ओरखडायचा, म्हणजे खालची लाल माती रेघ होऊन वर येते. मग पिवळट-हिरवी झिलई चढवून भाजायचं. जुने कुंभार भट्टीत वाडग्यावर वाडगा रचताना मध्ये तिवई ठेवत. तिचे तीन ठसे तळाशी उमटत. मृण्मयीताई तेही पाडायची. नमुना तिचा एकच, मान वळवून मागे बघणारा पक्षी. आणि बुडाखाली न चुकता, मराठीत, स्वतःचं नाव कोरायची. मला म्हणायची, "शेठ, मी नक्कल करते, चोरी नाही करत."

पावसाळ्यात ती गेली. छातीचं दुखणं होतं.

दार किशोररावांनीच उघडलं आणि मी क्षणभर ओळखलंच नाही. गडी चांगला भरलेला होता. आता सदरा खुंटीवर अडकवावा तसा अंगावर लोंबत होता.

"आजारी होतात का?" मी विचारलं.

"जेवण जात नाही. बसा."

जेवणाच्या टेबलावर वाडगे मांडले होते. खोऱ्यात ऊन लवकर उतरतं, डोंगराची सावली खिडकीपर्यंत आली होती आणि त्या मळकट उजेडात झिलई ओली दिसत होती. मी सवयीने एक वाडगा उचलून उलटा केला. बुडाची माती घासून गुळगुळीत केलेली. दुसरा उचलला, तोही तसाच.

"किशोरराव, नाव कुठे गेलं?"

"कसलं नाव? ही आठशे वर्षांपूर्वीची भांडी आहेत, शेठ." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिलाही आवडलं असतं. तिचं काम इतकं अस्सल, की कोणाला फरक कळत नाही. याहून मोठा मान कोणता?"

मी वाडगा खाली ठेवला. बोटांना एक वास चिकटला होता, ओल्या मातीचा आणि दवाखान्यातल्या औषधाचा.

घरकामाला बयाबाई होती. वरच्या वस्तीवर शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातली, तोंडाने फटकळ. तिने पिठलं-भाकरी आणि भात वाढला. मला म्हणाली, "शेठ, खावा तुमी. तुमच्या घासाला भ्या न्हाई." किशोररावांनी तिच्याकडे बघितलं आणि ताट पुढे ओढलं.

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, तोंडाकडे नेला. ओठांपाशी पोचेपर्यंत बोटांत नुसता ओशट डाग उरला होता. मला वाटलं, पडला असेल. त्यांनी भाताचा घास केला. या वेळी मी नजर हलवली नाही. घास वर चालला होता आणि त्याला बाजूने खाचा पडत होत्या… बारीक, टोकदार, एकामागून एक. जणू कोणी टोचून खात होतं. तोंडापाशी आली ती रिकामी बोटं. त्यांनी ती शांतपणे पुसली, सवय झाल्यासारखी.

आणि मागच्या शेडमधून आवाज आला. खर्र… खर्र…

"उंदीर," किशोरराव म्हणाले.

मी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो. बयाबाई ओट्यापाशी उभी होती.

"बघितलं न्हवं?" ती हळूच म्हणाली. "पाखरं खात्यात त्याचं."

"कधीपासून?"

"दहाव्यापासनं. शेठ, ताई खाटंवर पडल्याली, आन ह्यो शेडात बसून वाडग्यांची बुडं घासायचा. खर्र खर्र. तिला आत समदं ऐकू यायचं. म्हनायची, बयाबाई, माजं नाव घासतोय गं त्यो. उठायचं तरान नव्हतं तिला. भिताडाकडं तोंड करून आईकत पडायची."

"आणि दहाव्याला?"

"कावळा शिवंना. ऊन डोक्यावर आलं, पिंड तसाच. तिला काय पायजे ते समद्यास्नी ठावं व्हतं. मी म्हनलं, मालक, हात जोडा, तुजी भांडी तुज्या नावानं ठिवीन म्हना. येवढंच. पर ते मुंबईचं मानूस भेटाया आल्यालं, शेजारीच हुबं. त्याच्या म्होरं कसं बोलनार?" तिने पदर तोंडाला लावला. "गुरुजीस्नी म्हनला, दर्भाचा कावळा करा आन शिववा. उपाशी गेली वो ती."

आपल्याकडे अडल्यावर दर्भाचा कावळा करतात, त्यात वावगं काही नाही. पण तो सगळं मागून-विनवून झाल्यावर. इच्छा माहीत असताना, ती उच्चारायची नाही म्हणून गवताचा पक्षी पुढे करायचा, हे मी माझ्या उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा खोली अंधारत चालली होती. दिवा कोणी लावला नव्हता.

"हे वाडगे फोडून का टाकत नाही?" मी विचारलं.

"एक फोडला." किशोररावांचा आवाज कोरडा पडला. "त्यानंतर पाणीसुद्धा घशाखाली उतरेना. शेठ, उद्या ही भांडी इथून जातील आणि मी सुटेन. तुमच्या एका शब्दावर माझा जीव आहे."

"माझ्या नाही. तिच्या नावावर आहे. घाटावर जे बोलला नाहीत, ते आत्ता बोला. मी ऐकतोय, बयाबाई ऐकतेय."

 मग बयाबाईने न सांगता एका वाडग्यात भात घातला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी हात जोडले. शेडमधला आवाज थांबला. इतका अचानक, की बाहेर नदीचं पाणी ऐकू आलं.

"मृण्मयी…" ते म्हणाले. "ही भांडी…"

टेबलावरचा फोन वाजला. मुंबईची पार्टी.

ते फोनकडे बघत राहिले. फोनच्या उजेडात त्यांचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. धंद्यात मी असे चेहरे खूप पाहिलेत, दोन्ही हातांनी दोन्हीकडचं धरू बघणारे. त्यांनी जोडलेले हात सोडवले आणि फोन उचलला.

"हो… नाही, नाही, अस्सल. आठशे वर्षांपूर्वीचे. आमचे शेठ इथेच आहेत, त्यांनाच विचारा ना…"

फोन माझ्यापुढे धरला. मी तो घेतला नाही. एवढंच म्हणालो, "या भांड्यांचा शब्द मी देणार नाही." पलीकडे ते ऐकू गेलं असावं, कारण फोन तिकडून बंद झाला.

बयाबाईने दिवा लावला.

वाडगे जागेवरच होते. पक्षी नव्हते. रेघ नाही, ओरखडा नाही, नुसती पिवळट-हिरवी, चकचकीत पोकळी. पुढ्यातल्या वाडग्यात भाताचं शीतही उरलं नव्हतं. किशोररावांनी एक वाडगा उचलला, आत बोट फिरवलं, मग दुसऱ्यात. मग दोन्ही हातांनी स्वतःचा गळा धरला आणि माझ्याकडे बघितलं. बोलायला तोंड उघडलं, शब्द आला नाही.

"चला शेठ," बयाबाई माझी बाही ओढत म्हणाली. "आता आपलं हितं काम न्हाई."

त्यांना टेम्पोत घालून पुण्याला न्यायला मी हात पुढे केला. त्यांनी मान हलवली आणि रिकामे वाडगे छातीशी गोळा करत राहिले. शेवटी बयाबाईला वस्तीवर सोडलं आणि त्यांचा चुलतभाऊ प्रदीप याला फोन करून बोलावून घेतलं. त्याने त्यांना दवाखान्यात ठेवलं. नळीने अन्न घातलं. डॉक्टरांना घशात, पोटात कुठे दोष दिसेना. पण घातलेलं लागतच नव्हतं. महिना संपायच्या आत किशोरराव गेले.

त्यांच्या दहाव्याला मी मुठ्याच्या घाटावर होतो. प्रदीपने पिंड मांडला. आम्ही सगळे मनातून धास्तावलो होतो, आज केवढं थांबावं लागणार कोण जाणे. पण त्याने हात मागे घेतला न घेतला तोच समोरच्या झाडावरून एक पक्षी उतरला. लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. कोणीतरी म्हणालंसुद्धा, "बघा, भला माणूस होता, काही मागे राहिलं नाही."

पक्ष्याने पिंडाला टोच मारली नाही. अख्खा पिंड चोचीत धरला, मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि नदीवरून बंगल्याच्या शेडकडे उडाला. बयाबाई माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा हात घट्ट धरला. उन्हात पक्षी बरोबर आमच्या डोक्यावरून गेला, पंख पूर्ण पसरलेले, खालून मला नीट दिसले. आतली बाजू पांढरी होती. आणि तिथे पिसं नव्हती. पिसांच्या नुसत्या लाल रेघा होत्या.