भिंतीवरच्या थापा

थापा मारतोय, असं म्हणाल. म्हणा. गोष्ट थापांचीच आहे, पण भिंतीवरच्या. माझ्या सख्ख्या काकांच्या घरात घडलेली, आणि त्यात पदरचं काही घातलेलं नाही.

रात्र नव्हती. शनिवार, दुपारचे चार. बाहेर लख्ख ऊन.

काकांना गाणी ऐकायचं भारी वेड. एक खोली त्यांनी त्यासाठीच राखलेली. जाड पडदे, गालिचा, मधोमध एकच खुर्ची. भिंतीपलीकडे झोपायची खोली. काकू म्हणायची, "ही खोली म्हणजे माझी सवत."

काकू कधी ओरडायची नाही. पलीकडून भिंतीवर थाप मारायची. दोन थापा म्हणजे आवाज कमी करा. तीन म्हणजे इकडे या.

आजारपणात तिचा आवाज गेला, तेव्हा थापाच उरल्या.

आठ महिन्यांपूर्वी ती गेली. झोपेतच गेली, असं काकांनी सगळ्यांना सांगितलं. रडले नाहीत. समोर ताट ठेवलं तर जेवायचे, नाही तर नाही.

ती जाण्याआधीच मागवलेला दुसरा सबवूफर खोक्यातच पडून होता. शेवटी साउंडवाल्यानेच फोन केला. "काका, लावून टाकू या."

"लाव," काका म्हणाले.

सबवूफर म्हणजे खर्जाचा स्पीकर. त्याची जागा चुकली की आवाज नुसता घुमतो. साउंडवाल्याने तो थेट काकांच्या खुर्चीवर ठेवला आणि त्यावर एकसारखा ठोका लावला.

"आता तुम्ही भिंतीच्या कडेकडेने रांगायचं. कान जमिनीजवळ. जिथे ठोका स्वच्छ ऐकू येईल, तिथे हा ठेवायचा."

"मी रांगू?"

"ऐकणार तुम्ही. मी रांगून काय उपयोग?"

साठी उलटल्यावर काका पुन्हा रांगायला लागले.

धम्… धम्… धम्…

पहिल्या कोपऱ्यात ठोका जड. खिडकीखाली तर गायबच.

मग ते झोपायच्या खोलीच्या भिंतीशी आले.

धम्, धम्, धम्.

शांतता…

धम्, धम्, धम्.

अगदी स्वच्छ.

"इथे," काका म्हणाले. "पण आता तीन-तीन ठोके का लावलेस?"

काकांनी वळून पाहिलं. उपसलेली वायर साउंडवाल्याच्या हातात होती.

"काका… मी केव्हाच बंद केलंय. तुम्ही खिडकीपाशी होतात तेव्हाच."

काका उठले. पलीकडच्या खोलीत गेले.

पलंग रिकामा. चादरीवर सुरकुतीसुद्धा नाही.

संध्याकाळी त्यांनी मला फोन केला. आठ महिने पोटात ठेवलेलं सांगितलं. तेही सपाट आवाजात, दूधवाल्याचा निरोप द्यावा तसं.

"ती गेली त्या दुपारी मी पहिला सबवूफर लावून बघत होतो. भिंतीतून ठोके आले. मला वाटलं, खर्ज छान लागलाय. म्हणून आवाज वाढवला. किती होते, ते मोजलंच नाही रे."



गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. पंखा बंद. फ्रिज बंद. घड्याळातला सेल काढून ठेवलेला. सबवूफर पुन्हा खोक्यात. काका जमिनीवर बसून होते, भिंतीला कान लावून.

"काका, चला माझ्याकडे. असं किती दिवस चालणार?"

त्यांनी भिंतीवरचा कान काढला नाही. मला राग आला, वाईटही वाटलं. मी आवाज चढवला. "अहो, ऐकताय का? काकू आता येणार नाहीये…"

माझं वाक्य संपायच्या आत भिंतीतून आवाज आला.

मग पुन्हा सगळं शांत.

काकांनी डोळेही उघडले नाहीत.

"तू मध्येच बोललास," ते म्हणाले. "दोन होते की तीन?"

मी मोजले नव्हते.