गाठींमधली वाट

धुळ्याचा जीवराम मिस्तरी टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचा. साल एक्क्याण्णव असेल. तेव्हा तालुक्यातालुक्याला व्हिडिओ गेमची दुकानं निघाली होती आणि मशीन बिघडलं की जीवरामला निरोप यायचा. दोंडाईच्याच्या चांदचा निरोप आला तो ऐन वैशाखात. गेमचा दांडा डावीकडे वळत नव्हता, एवढंच काम. जीवरामने हत्यारांची पिशवी उचलली आणि शुक्रवारी सकाळची एसटी धरली.

चांदचं दुकान एका बंद पडलेल्या जिनिंग मिलच्या गोदामात होतं. रस्त्याकडचा गाळा त्याचा. मागे पत्र्याची भिंत, तिच्यात एक दार, आणि पलीकडे कुणा व्यापाऱ्याच्या कापसाच्या गाठी, पार छतापर्यंत रचलेल्या.

"जीवरामभाऊ, मी नमाजला जाऊन येतो," चांद म्हणाला. "शटर बाहेरून लावतो, नाहीतर पोरं घुसतील. मधेच निघावं लागलं तर मागून जा. गाठींमधून सरळ गेलात की पत्र्याचं दार लागेल. उघडंच असतं."

शटर खडखडत खाली आलं. कुलूप लागल्याचा आवाज आला. जीवरामने मशीन उघडलं, दांड्याखालची गंजलेली पट्टी घासली, तार जोडली आणि तपासायला म्हणून गेम चालू केला.

खेळ त्याला पाठ होता. निळ्या भिंतींचा भूलभुलैया, त्यात एक पिवळं वाटोळं तोंड ठिपके खात पळतं आणि चार भुतं त्याच्या पाठीस लागतात. एक पाठीला चिकटून येतं, एक पुढून वाट अडवतं, उरलेली दोन केव्हा कुठून वळतील याचा नेम नाही. कोपऱ्यातली मोठी गोळी खाल्ली की घटकाभर भुतंच घाबरून निळी पडतात, मग त्यांना खायचं. डावीकडच्या बोळातून बाहेर पडलं की माणूस उजवीकडून आत येतो. जायला जागा अशी कुठेच नाही. फक्त पळायचं.

जीवरामने दांडा डावीकडे दाबला. तोंड डावीकडे वळलं. झालं काम.

पण भुतं अंगावर येईनात. चौघंही एकामागे एक लागून त्याच्या मागून चालली होती. त्याने दांडा सोडला. तोंड थांबलं... आणि भुतंही थांबली. मुद्दाम तो त्यांच्या अंगावर गेला, तर ती बाजूला सरली. पुन्हा रांग धरून मागे उभी राहिली.

"बोर्डच गेला वाटतं," तो पुटपुटला, आणि त्याच क्षणी लाईट गेली.

पंखा थांबला. पत्रा तापून कडकड वाजत होता. जीवरामने शटर बडवलं, हाका मारल्या, पण त्या उन्हात रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. जीव घाबरा व्हायला लागला तसं त्याने पिशवी घेतली आणि मागचं दार ढकललं.

आत पत्र्याच्या भोकांतून येईल तेवढाच उजेड. दोन्हीकडे गाठींच्या भिंती, मधे माणूस जाईल एवढी वाट. सरळ म्हणाला होता चांद. पण वाट थोडं जाऊन बंद झाली. जीवराम डावीकडे वळला, मग उजवीकडे. पुन्हा गाठी. परत फिरला तर आलेली वाट सापडेना. गोदाम बाहेरून एवढं मोठं दिसलं नव्हतं.

मग वास आला. जळक्या कापसाचा, कोंदट, घशात बसणारा. धूर मात्र कुठेच दिसत नव्हता.

आणि मागे कोणीतरी खोकलं.

"चांद?"

तो चालू लागला. मागे अनवाणी पावलं वाजू लागली. तो थांबला, पावलं थांबली. मागे वळून बघायची त्याची छाती होईना.

"भाऊ..." आवाज अगदी हलका होता. "भाऊ, दार कोठे शे?"

जीवराम पळाला. दिसेल त्या फटीत शिरला, वळला, आपटला, उठला. पिशवी कुठे पडली कळलं नाही. जिकडे वळावं तिकडे त्याच गाठी, तोच वास, आणि मागे तीच पावलं. घाई नाही, धाप नाही. नुसती सोबत.

शेवटी पायच उचलेनात. असं पळून आपण फिरून फिरून तिथेच येतोय, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने डोळे मिटले, उजवा हात गाठींवर टेकवला आणि ठरवलं, काही झालं तरी हा हात उचलायचा नाही. भिंत वळेल तसं वळायचं.

हात गोणपाटावरून सरकत गेला. खरखरीत, गरम... आणि एका वळणावर बोटांखाली बोटं लागली. गाठींवर कुणाचा तरी हात आधीच टेकलेला होता, चाचपडत.

"आमले बी संगे लई चाल ना, भाऊ..."

त्याने हात उचलला नाही. त्या बोटांवरूनच तो पुढे सरकला, ओठ दातांत धरून, देवाचं नाव घेत. आणि हाताला पत्रा लागला. त्याने खांदा दिला. दार उघडलं आणि जीवराम भर उन्हात तोंडावर पडला.

चांद नमाजहून परतला तेव्हा तो कडुनिंबाखाली बसून होता. चांदने पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या लहानपणी इथे आग लागली होती," तो म्हणाला. "चार हमाल आत राहिले. दार उघडंच होतं, भाऊ. धुरात कोणालाच सापडलं नाही." मग त्या पत्र्याच्या दाराकडे बघत त्याने हळूच विचारलं, "तुम्ही बाहेर पडल्यावर ते लावलंत का?"

जीवरामला आठवेना.

दिवेलागणीला तो धुळ्याला घरी पोचला. कडी वाजवली. त्याच्या बायकोने, यशोदाबाईने, दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या पाठीमागे पाहिलं, आणि लगबगीने पदर डोक्यावर घेतला. जीवराम आत येऊन खाटेवर टेकला. ती मात्र दार धरून बाजूला उभीच.

"दार लाव ना," तो म्हणाला.

"लावस ना," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आगोदर या चारी जणसले घरमा तं येऊ द्या..."