शिंपल्यांचं कडं

शिंपल्यांच्या कड्यातलं अंडं डोळ्यांदेखत तडकलं आणि कनकलता बोटांवर दिवस मोजू लागली.

नागपट्टण बंदरामागच्या वाळूत सुरय पक्षी उघड्यावरच अंडी घालतात. कोळ्यांचा पाय पडू नये म्हणून तिचा नवरा सांबशिव प्रत्येक नव्या घरट्याभोवती सात पालथ्या शिंपल्यांचं कडं मांडी. दुसरं कुणी असलं खूळ करत नसे. अंडी तीन आठवड्यांत फुटतात, हेही त्यानेच तिला सांगितलं होतं.

आणि त्याला पिनांगला पळून जाऊन म्हणे महिना झाला होता!

तसं तिच्या वडिलांचं पत्र होतं. सीतारामराव, तिचे अप्पा, बंदरात कारकून. पक्षी बघायला आलेला जावई त्यांच्याकडेच उतरला होता. पत्र मात्र जहाज सुटल्यावर बारा दिवसांनी तंजावुरात पोचलं. तेव्हापासून राजवाड्यामागच्या गल्लीत ती नवऱ्याने टाकलेली बाई झाली होती. आज सकाळीच ती माहेरी आली होती.

शेजारच्या रामस्वामींना एकच प्रश्न विचारून ती घरी परतली. अप्पा ओसरीवर होते. डोक्यावर केसांचे नुसते खुंट.

"अप्पा, त्यांस जहाजावर कोण पाहिलं?"

"मीच चढवलों की. शनिवारच्या कप्पलावर."

"पुढचं कप्पल कधी सुटलं?"

"पंधरा दिवसांनी. कशास?"

"आणि हे मुंडन?"

"तिरुपतीचा नवस. सकाळी सांगितलों नव्हे?"

"रामस्वामी म्हणतात, महिनाभरात तुम्ही गाव सोडलं नाही."

अप्पांचा हात डोक्यावरच्या खुंटांकडे गेला.

"मग मीच सांगते," ती म्हणाली. "कड्यातलं अंडं आज फुटलं. म्हणजे कडं मांडलं तीन आठवड्यांपूर्वी. कप्पल त्याच्या नऊ दिवस आधी गेलेलं. ते चढलेच नाहीत. पत्र लिहिलं तेव्हा पुढचं कप्पल अजून सुटलं नव्हतं, म्हणून तुम्हांस मागचं सांगावं लागलं. आणि नवस नसता मुंडन कोण करतं? अग्नी देणारा. कसे गेले ते?"

"साप चावला." अप्पा म्हणाले. "कडं मांडतानाच. कोळी बोलवायास आले, मी धावलों, तोवर संपलं होतं. कोळ्यांस गप्प राहा म्हटलों. तू बावीस वर्षांची पोर, अम्मा. तुझं मोकळं कपाळ मज पाहवलं नसतं. नवरा परदेशी आहे म्हटलं की कुंकू तरी राहतं."

राग यावा तसा येत नव्हता, हेच कनकलतेला सोसेना.

"कुंकू राखलंत, अप्पा. पण अठरा दिवस मी त्यांस शिव्या घातल्या. त्यांच्या पक्ष्यांच्या वह्या, अकरा वर्षांच्या, एकेक पान फाडून बंबात घातल्या."

अप्पांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

तिने पदराच्या टोकाने कुंकू पुसलं. अठरा दिवस ती स्वतःसाठी रडली होती. आता पहिल्यांदाच नवऱ्यासाठी रडली.