आत्याच्या घरातली शांतता

कानसेन त्या दुपारी आत्याच्या घरी गेला तो फक्त शांतता आणायला.

ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण सिनेमात आवाज रेकॉर्ड करणाऱ्याचं ते नेहमीचंच काम. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. संवादांच्या मधल्या जागा त्याच खोलीच्या शांततेने भरल्या नाहीत, तर पाहणाऱ्याला कारण कळत नाही, पण कुठंतरी खटकतं. म्हणून शूटिंग आटोपलं की सगळ्यांनी श्वास रोखून उभं राहायचं आणि यानं ती नुसती खोली रेकॉर्ड करायची. या वेडापायीच मित्रांनी त्याचं नाव कानसेन ठेवलं. "तानसेन व्हायला गळा लागतो, तो देवानं दिला नाही," असं तोही हसून सांगायचा.

मंडळी म्हणजे चौघंजण. आठवडाभर नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी सिनेमा. नाच नाही, मारामारी नाही, ओळखीचा चेहरा नाही, त्यामुळे चित्रपटगृहवाले यांना दारातूनच वाटेला लावत. मग ग्रंथालयाचा हॉल, शाळेचा वर्ग, एकदा तर गच्चीत चादर बांधून यांनी सिनेमा दाखवलेला. दिग्दर्शन करायची चिमणी. हे नाव तिला तिच्या आत्यानं ठेवलेलं. आई-वडील लवकर गेले, तेव्हापासून आत्यानंच तिला वाढवलं होतं. आणि चिमणीनं सिनेमा काढायचा म्हटल्यावर आत्यानं घर दिलं, भांडीकुंडी दिली, शेवटी "आता मीच तेवढी उरलेय, मलाही घ्या," म्हणून नायिकाही झाली.

गोष्ट साधी होती. घर सोडून गेलेल्या मुलाची वाट बघणारी आई. शेवटच्या प्रसंगात मुलगा उंबऱ्याशी येऊन उभा राहतो. आपल्याला त्याची पाठ दिसते आणि आईचा चेहरा. ती म्हणते, "ये. दार उघडंच आहे." बस्स, सिनेमा संपला.

आत्या अभिनयात वाघीण, पण शांततेची वैरीण. कानसेननं "सायलेन्स" म्हणायचा अवकाश, थोड्या वेळात हिचा आवाज यायचाच, "झालं का रे?"

"आत्या, शांतता म्हणजे शांतता हो!"

"मग मी काय ढोल बडवला? विचारलं नुसतं."

सगळे हसायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून.

शेवटचा प्रसंग शूट झाला त्या दिवशी शेजारी भिंतीत ड्रिल चाललं होतं. चेहरा अप्रतिम आला, पण वाक्य त्या घरघरीत बुडालं. नंतर स्टुडिओत नेऊन तेवढा आवाज घेऊ, असं ठरलं. स्टुडिओची तारीख आली, पण त्या तारखेच्या आदल्याच आठवड्यात आत्या झोपेतच गेली. ना आजारपण, ना निरोप.

एका डबिंगवाल्या बाईंकडून ते वाक्य म्हणवून घेतलं. बाई गुणी होत्या, आवाज हुबेहूब काढला. चिमणी ऐकता ऐकता उठून बाहेर गेली ती परत आलीच नाही. मग ठरलं, शेवट मुका ठेवायचा. ओठ हलतील, मागे फक्त त्या घराची शांतता. आणि घर तर भाड्याचं, ते मालकाला परत द्यायचं होतं; दुसऱ्याच दिवशी रंगारी येणार होते.

म्हणून ती दुपार. चिमणीनं कुलूप उघडलं आणि ती जिन्यातच बसली. "मी नाही येत आत. तू घे आणि ये."

सामान बरंचसं हललं होतं. उघड्या कपाटातून डांबरगोळ्यांचा वास येत होता. कानसेननं खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. फ्रिज अजून चालू होता, तोही बंद केला, आणि सवयीप्रमाणे आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. म्हणजे जाताना फ्रिज चालू करायचं विसरायला नको. बाहेरच्या खोलीत मधोमध माइक उभा केला, हेडफोन कानावर चढवले, डोळे मिटले.

आधी घराची गुणगुण आली. मग दूरवरची एक सायकल. मग तीही गेली, आणि शांतता कशी दाट होत गेली... जणू कुणी वरून रजई पांघरली.

तेवढ्यात स्वयंपाकघरात चपला घासल्या.

चिमणी आली असेल, म्हणून त्यानं डोळे उघडले. कुणी नव्हतं. हेडफोन काढले. घर ठार मुकं. पुन्हा कानावर ठेवले. सपक... सपक... पावलं तशीच येत होती. एक पाय किंचित ओढत, जशी गुडघा धरला की आत्या चालायची. रेकॉर्डरवरचा काटा प्रत्येक पावलागणिक थरथरत होता. म्हणजे हे त्याच्या डोक्यातलं नव्हतं. यंत्रालाही ऐकू येत होतं.

पावलं माइकजवळ येऊन थांबली. डांबरगोळ्यांचा वास एकदम नाकाशी आला. आणि अगदी कानाशी, हळूच, कुणाला त्रास नको म्हणून विचारावं तसं...

"झालं का रे?"

भीतीनं गोठलेल्या त्या माणसाला त्याही क्षणी हसू फुटलं. डोळे मात्र भरून आले. त्यानं मानेनंच नाही म्हटलं. तोंडावर हात घट्ट दाबून धरला. श्वाससुद्धा घेतला नाही. इतक्या वर्षांची शिस्त, ती भुतापुढेही सुटेना!

आत्यानं घसा खाकरला. अगदी शूटिंगच्या आधी खाकरायची तसा.

"ये. दार उघडंच आहे."

त्यानंतर काही नाही. काटा खाली येऊन पडला.

कानसेन रेकॉर्डर घेऊन धडपडत जिन्यात गेला. त्यानं हेडफोन चिमणीच्या कानावर ठेवले आणि रेकॉर्डिंग लावलं. ती ऐकत राहिली. मग तिनं रेकॉर्डर पोटाशी धरला, लहान मूल धरावं तसा.

"घाबरलास?" तिनं विचारलं.

"खूप."

"वेड्या, आत्या होती ती." ती रडत रडत हसली. "तिला अर्धवट सोडलेलं काम कधी चाललंय का?"

वाक्य चित्रावर बसवलं, तर ते ओठांवर असं चपखल बसलं की केसभरही सरकवावं लागलं नाही. कॅमेरावाल्यानं विचारलं, "हे कुठून मिळालं?" दोघांनी एका सुरात सांगितलं, "जुन्यात सापडलं." ग्रंथालयाच्या हॉलमध्ये पहिला खेळ झाला. शेवटी दिवे लागले तरी लोक उठेनात. मागच्या रांगेतले एक आजोबा चष्मा पुसत म्हणाले, "आईनं असंच म्हणायला हवं." चिमणीनं कानसेनचा हात घट्ट दाबला. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उजेड दिसला.

पुढे परदेशातल्या एका महोत्सवानं सिनेमा मागवला. सबटायटल्सचं काम दुसऱ्या शहरातल्या एका अनुवादक बाईंकडे गेलं. कानसेनची त्यांची ना भेट ना ओळख. एका सकाळी त्यांचा फोन आला.

"एक शंका होती. शेवटी आई म्हणते, ये, दार उघडंच आहे. त्यावर तो 'आलो' म्हणतो, ते लिहायचं ना? मुलगा पाठमोरा आहे, म्हणून विचारलं."

"मुलगा काही बोलत नाही हो," कानसेन म्हणाला. "आईच्या वाक्यावरच संपतं."

"नाही कसं? मी परत परत ऐकलंय. अगदी जवळून येतो आवाज, माइकला तोंड लावून बोलल्यासारखा." बाई बोलता बोलता थांबल्या. मग म्हणाल्या, "थांबा हं... आत्ता लक्षात आलं. तो तुमचाच आवाज आहे."

कानसेननं ती जागा त्यानंतर कितीदा तरी ऐकली आहे. त्याला तिथं शांततेशिवाय काहीच ऐकू येत नाही. चिमणीला काय ऐकू येतं, ते विचारायचा धीर त्याला अजून झालेला नाही.